अलिकांतो आणि तीन नंबरचा होल्ड

सिंगापूरला पक्ष्यांची मोठी बाग आहे. नातीचा हात धरून मी ती सबंध पाहिली. एका पायावर उभे राहणारे गुलाबी पक्षी पाहिले, माणसाच्या हातून शेंगदाणे घेणारे पोपट पाहिले, आणि पायाचे तुकडे पडल्यावर बाकावर बसून नारळपाणी प्यालो. मला ज्या पक्ष्याविषयी लिहायचं आहे, तो मात्र त्या बागेत नव्हता. तो चिली देशातल्या वाळवंटात राहतो, सोनं-चांदी खातो आणि आजवर कुणाच्या हाती लागलेला नाही. त्याची माझी ओळख सिंगापूरच्या मरीन परेड भागात, चौदाव्या मजल्यावर, वरणभाताच्या ताटावर झाली.

परत येऊन आता तीन महिने होतील. तुमसरला घरी माणसं येतात, सिंगापूरचं सांगा म्हणतात. मी पक्ष्यांच्या बागेचं सांगतो, जमिनीखालून धावणाऱ्या एमआरटीचं सांगतो, कॅरट केक नावाच्या खाण्याचं सांगतो, ज्यात ना गाजर असतं ना केक, नुसत्या मुळ्याच्या वड्या अंड्यात परतलेल्या. माणसं हसतात, चहा पितात आणि जातात. उरलेलं मी तोंडानं कुणाला सांगू शकलो नाही, म्हणून लिहायला बसलो आहे.

मरीन परेड

चौतीस वर्षं मी मँगनीजच्या खदानीत काढली, त्यातली शेवटची अकरा फोरमन म्हणून. खदानीत माणूस मोठ्यानं बोलायला शिकतो आणि लगेच बोलायला शिकतो. डोक्यावरचा दगड सैल दिसला तर आर्जवं करत बसायला वेळ नसतो. ही सवय निवृत्त झाल्यावरही सुटली नाही. लग्नात आचाऱ्याला, बँकेत कारकुनाला, रस्त्यात खड्डा खणणाऱ्या नगरपालिकेच्या माणसांना मी त्यांचं काम शिकवत आलो, आणि त्यापायी घरच्यांच्या शिव्याही खात आलो.

त्यामुळे निघताना हिनं, म्हणजे मालतीनं, मला देवापुढं उभं केलं. तिचे गुडघे विमानात बसण्याजोगे नव्हते, म्हणून मी एकटाच निघालो होतो.

"जावयाच्या घरी चालला आहात," ती म्हणाली. "तिथं फोरमनकी करायची नाही. काही दिसलं तरी दिसलं नाही म्हणायचं. नऊ वर्षांत सतीशरावांना आपल्याकडून एक वावगा शब्द गेला नाही. आता म्हातारपणी घालवू नका."

"मी कशाला काय बोलतोय?"

"शपथ घ्या."

मी घेतली. हसत घेतली, पण घेतली.

सतीशराव मूळचे पुण्याचे. मरीन इंजिनिअर. पूर्वी बोटीवर होते, आता तुआसला जहाजं दुरुस्त करण्याच्या एका यार्डात मॅनेजर आहेत. माणूस मोजकं बोलणारा, सरळ, आणि सासऱ्याच्या बाबतीत फारच अदबीचा. मी खोलीत आलो की ते उठून उभे राहात. ते उभे म्हणून मीही बसत नसे. जेवायला बसलो की ते माझ्या पहिल्या घासाची वाट पाहायचे आणि मी त्यांच्या, कारण जावयाच्या आधी जेवायला सुरुवात करणं आमच्याकडं बरं दिसत नाही. दोन माणसं निवत चाललेल्या आमटीकडं पाहात बसलेली. शेवटी माझी सात वर्षांची नात रेवा वैतागून तिथल्या इंग्रजीत ओरडायची, "ईट लाह, बोथ ऑफ यू!" मग आम्ही दोघंही एकदम हात घालायचो.

पहिले दोन-तीन दिवस मी नुसता फिरलो. खदानीतल्या माणसाला तिथं एक गोष्ट खटकते: माती दिसत नाही. जिथं सिमेंट नाही तिथं गवत, जिथं गवत नाही तिथं फरशी. मरीन परेडचे हे उंच उंच ब्लॉक जिथं उभे आहेत तिथं पूर्वी समुद्र होता, भर घालून जमीन केली, असं अंजूनं सांगितलं. अंजू म्हणजे माझी मुलगी. मला गंमत वाटली. आमचा जन्म जमीन पोखरण्यात गेला आणि ही माणसं जमीन भरत बसली आहेत.

पण घरात गमतीचं वातावरण नव्हतं. सतीशरावांचा फोन जेवताना वाजे, आंघोळीत असताना वाजे. ते गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलत आणि परत आल्यावर पोळीचा तोच तुकडा बोटांत फिरवत बसत. अंजूनं मला स्वयंपाकघरात बोलावून सांगितलं. चिलीहून तांब्याच्या खनिजाची भुकटी वाहणारं एक जहाज डॉकमध्ये आलं होतं. त्याच्या तीन नंबरच्या होल्डचं, म्हणजे माल भरायच्या खणाचं, मोठं लोखंडी झाकण अडकून बसलं होतं. मागच्या बंदरातही ते उघडलं नाही, त्यामुळे त्या खणातला माल आतच राहिला. आतल्या बाजूनं एक खीळ सोडवल्याशिवाय झाकण हलणार नव्हतं. शनिवारी डॉक रिकामा व्हायलाच हवा होता, कारण पुढचं जहाज बाहेर नांगर टाकून उभं होतं.

"किती दिवस बंद आहे तो खण?" मी विचारलं.

"सहा आठवडे म्हणत होते. बाबा, तुम्ही यार्ड बघायला गेलात ना, तर त्यांना काही विचारू नका हं. आधीच खूप टेन्शनमध्ये आहेत."

मी बरं म्हटलं. पण ओली भुकटी, बंद खण आणि सहा आठवडे, हे काही मला बरं वाटलं नव्हतं. तांब्याच्या त्या भुकटीसारखं गंधक असलेलं खनिज बंद जागेत ठेवलं की ते हवेतला प्राणवायू खाऊन टाकतं. वास येत नाही, धूर दिसत नाही. आमच्या भागातल्या जुन्या, सोडून दिलेल्या बोगद्यांत अशी खराब हवा साचलेली असे, आणि तिच्यात उतरलेला माणूस ओरडतसुद्धा नाही.

ईस्ट कोस्ट

रविवारी सतीशराव म्हणाले, "बाबा, आज तुमच्या जातीचा एक माणूस जेवायला आणतोय."

तो एलियास. त्याच जहाजावरचा बोसन, म्हणजे खलाशांचा मुकादम. वय साठीला टेकलेलं, बुटका, खांदे रुंद आणि बोटांच्या पेरांवर निळसर डाग. ते डाग पाहताच मी ओळखलं. दगडाचा कण कातडीत शिरून बसला की असा डाग जन्मभर राहतो. मी माझं मनगट पुढं केलं, त्यावर तसेच तीन आहेत. एलियासनं ते पाहिले आणि मला मिठीच मारली. समुद्रावर जायच्या आधी बारा वर्षं तो वाळवंटातल्या खाणींत होता.

त्याचं इंग्रजी बोटीवरचं, माझं खदानीतलं. दोघांचंही मोडकं, त्यामुळे छान जमलं. त्याच्याकडं वडीलधाऱ्याला 'दोन' लावतात, म्हणून तो मला 'दोन वामन' म्हणू लागला. रेवा खुदखुदत म्हणाली, "ओन्ली वन आजोबा, लाह!" मालतीनं पाठवलेला लाल मिरचीचा ठेचा त्यानं भातात कालवून खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि पुन्हा मागितला.

ऊन उतरल्यावर आम्ही तिघं ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर फिरायला गेलो. समोर समुद्रात जहाजांची रांग उभी होती, शंभर तरी असतील. सतीशराव थोडे मागं राहून फोनवर बोलत होते. आम्ही दोघं म्हातारे बाकावर बसलो. मी त्याला आमच्या खदानीच्या रीती सांगितल्या. बोगद्याच्या नव्या तोंडाला नारळ फोडायचा. आत शीळ घालायची नाही. आणि जुन्या विहिरीत उतरायचं असेल तर आधी कंदील दोराला बांधून तळापर्यंत सोडायचा. कंदील पेटता वर आला तरच माणूस खाली जाणार.

"तळापर्यंत?" त्यानं विचारलं.

"तळापर्यंत. तोंडाशी हवा नेहमीच चांगली असते."

त्यानं मान डोलावली. मग त्यानं मला अलिकांतोची गोष्ट सांगितली.

हा पक्षी धातू खातो. सोनं खाणाऱ्याचे पंख सोन्यासारखे, चांदी खाणाऱ्याचे चांदीसारखे चमकतात. पोट भरलं की जडपणामुळं त्याला उडता येत नाही, तो चालत जातो. अंधारात त्याचा उजेड लांबून दिसतो. गरीब खाणकामगार तो उजेड पाहतात आणि दबकत मागं जातात, कारण तो जिथं चरायला जातो तिथं धातूची शीर असते. मागं कुणी आहे हे त्याला कळलं आणि माणूस लोभी निघाला, तर तो त्याला कड्याकडं नेतो आणि तिथं पंख मिटतो. उजेड गेला की पुढचं पाऊल हवेत पडतं.

"आणि माणूस चांगला असेल तर?"

"तर शीर दाखवतो, असं म्हणतात." एलियासनं जहाजांकडं तोंड केलं. "माझा थोरला भाऊ राउल त्याच्या मागं गेला होता. आम्ही डोंगरात शेकोटीजवळ झोपलो होतो. मी वीस वर्षांचा होतो. त्यानं मला उठवलं, उजेड दिसतोय म्हणाला. मी कंटाळा केला. म्हटलं, तू हो पुढं. सकाळी तो आम्हाला कड्याखाली सापडला. गावातले लोक म्हणाले, लोभी असेल. तो लोभी नव्हता, दोन वामन. तो थोरला होता. कुठंही जायचं तर तो माझ्या आधी जायचा, एवढंच."

मी आपलं विचारलं, "मग पक्ष्यानं चूक केली म्हणायची?"

"पक्ष्याला काय कळतं? उजेड सगळ्यांना सारखाच." तो हसला. "माझी आई सांगायची, खरा दिवा कोणता ते ओळखायची एक खूण आहे. माणसाच्या हातातल्या दिव्याजवळ सावली हलते. अलिकांतोच्या उजेडात सावली नसते."

तेवढ्यात सतीशराव आले. त्यांचा चेहरा उतरलेला होता. मंगळवारी सकाळी तीन नंबरमध्ये माणूस उतरवायचा असं ठरलं होतं. एलियास म्हणाला, खीळ कुठं आहे ते मलाच माहीत आहे, मी उतरेन. मी तोंड उघडलं आणि मिटलं. सतीशरावांना विचारावंसं वाटत होतं, हवा तपासणार ना, कशी तपासणार? पण अंजूचा आवाज कानात होता, त्याच्यामागून हिचा. शिवाय ते मॅनेजर. त्यांना एवढं कळत नसेल? आपण कोण? ऐंशी फूट खोल खदानीतला एक फोरमन.

तुआस

मंगळवारी मी सतीशरावांबरोबर तुआसला गेलो. पाहुण्यांचा पास, पिवळं हेल्मेट, जाड तळाचे बूट. बूट एक नंबर मोठे मिळाले होते आणि जहाजाच्या शिडीवर मी दोनदा अडखळलो. सतीशरावांनी दोन्ही वेळा मला कोपराला धरून सावरलं. आसपासच्या कामगारांनी पाहिलं. मला शरमल्यासारखं झालं आणि मी ठरवलं की आता यांना आपल्यापायी आणखी अडचण होऊ द्यायची नाही.

डेकवर तीन नंबरच्या होल्डला माणूस आत जाण्यापुरतं एक वाटोळं तोंड होतं, कडेला गुडघाभर उंचीचा लोखंडी काठ. आत सरळ खाली जाणारी शिडी. हवा तपासणारा माणूस आला. त्याच्या हातात डबीएवढं यंत्र होतं, बगलेत यंत्राची लांब रबरी नळी गुंडाळलेली होती. त्यानं नळी उलगडली नाही. तोंडावर ओणवा झाला, हात खांद्यापर्यंत आत घातला, यंत्राकडं पाहिलं, आकडा मोठ्यानं वाचला, कागदावर सही केली आणि पुढच्या कामाला निघून गेला.

मी पाहिलं. अगदी नीट पाहिलं. नळी बगलेतच होती.

मला वाटलं सतीशराव बोलतील. त्यांनी कागद हातात घेतला, वाचला, एकदा त्या पाठमोऱ्या माणसाकडं पाहिलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. म्हणजे त्यांना चालतंय, मी मनाशी म्हटलं. इथली रीत वेगळी असेल. यंत्रं नवीन असतील. आणि जावयाला त्याच्या माणसांदेखत, त्याच्या जहाजावर, 'थांबा, हे चुकलं' म्हणायचं? जिभेवर आलेलं मी गिळलं.

एलियासनं कपाळावर, छातीवर क्रूस काढला. कमरेला पाना खोचला, बॅटरी हातात घेतली. मग तो काठावर बसून सतीशरावांना म्हणाला, "एअर गुड?"

"गुड," सतीशराव म्हणाले.

एलियास माझ्याकडं वळला. एका खाणवाल्यानं दुसऱ्याला विचारावं तसं, भुवई वर करून त्यानं विचारलं, "दोन वामन? गुड?"

मी मान हलवली. होकारार्थी.

तो उतरू लागला. दर चार-पाच पायऱ्यांनी तो खालून हाक देई, "गुड!" बुटांचा लोखंडावर आवाज येई. मी मनातल्या मनात पायऱ्या मोजत होतो. बाराव्या पायरीनंतर हाक आली. सोळावीनंतर आली, पण बारीक. त्यानंतर बूट घसरल्याचा आवाज आला, काहीतरी धपकन पडलं आणि लोखंडावर लोखंड वाजलं. मग काहीच नाही.

"एलियास!" सतीशराव ओरडले. "बोसन!"

आम्ही दोघंही ओणवे झालो. खाली, शिडीच्या मधल्या फलाटावर, त्याची बॅटरी पडली होती आणि जळत होती. तिच्या उजेडात आजूबाजूला साचलेली भुकटी पिवळीधमक चमकत होती, सगळीकडं सोनं सांडल्यासारखी. त्या उजेडात कुठलीही सावली हलत नव्हती.

"दिसतोय! तिथंच आहे, वीसच फुटांवर आहे!" सतीशरावांनी हेल्मेट भिरकावलं आणि एक पाय आत टाकला.

तेव्हा मला कळलं की अलिकांतो म्हणजे काय. खाली उजेड दिसतो, आपला माणूस तिथंच आहे असं वाटतं आणि कडा कुठं संपतो ते दिसेनासं होतं. मी मागून त्यांच्या शर्टाची कॉलर धरली आणि सगळं अंग मागं टाकलं. आम्ही दोघंही डेकवर पडलो. ते उठायच्या आत मी उठलो आणि त्या तोंडावर बसलो. अक्षरशः बसलो, भोकात बूच बसतं तसा, दोन्ही हातांनी काठ धरून.

"बाबा, उठा!"

"नाही."

"बाबा, माणूस मरतोय खाली! उठा म्हणतो ना!"

"सतीश, मागं हो!" मी ओरडलो. नऊ वर्षांत मी त्यांना कधी एकेरी हाक मारली नव्हती. "तू गेलास तर तूही मरशील. खाली हवा नाही! हवेची नळी आणा! श्वास घ्यायचे संच कुठं आहेत? बोलव ना कुणाला तरी!"

त्यांनी माझा दंड धरून मला ओढलं. त्यांच्या अंगात जोर होता, पण मी पंच्याऐंशी किलोचा आणि चौतीस वर्षं खदानीत काढलेला. त्यांनी मला ढकललं, मग पाया पडले, मग पुन्हा ओढलं. ते रडत होते. मी काठ सोडला नाही. एक तमिळ कामगार दाबाच्या हवेची नळी ओढत आणत होता. मी ती माझ्या मांड्यांमधल्या फटीतून आत सोडली, जितकी जाईल तितकी. दुसरा वॉकीटॉकीवर ओरडत होता. श्वासाचे संच दुसऱ्या डॉकवर होते.

संच येईपर्यंत किती मिनिटं गेली ते मला नंतर लोकांनी सांगितलं. अकरा. त्या अकरा मिनिटांत माझ्याखाली, वीस फुटांवर, रविवारी माझ्या बायकोचा ठेचा मागून खाल्लेला माणूस पडला होता आणि मी त्याच्याकडं जाणारी वाट अडवून बसलो होतो. मला माहीत होतं की मी बरोबर करतोय. त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. मी मोठमोठ्यानं रामरक्षा म्हणत होतो आणि मधल्या ओळी विसरत होतो, म्हणून पुन्हा सुरुवातीपासून म्हणत होतो.

तोंडावर मुखवटे आणि पाठीवर टाक्या बांधलेले दोघं आले. मी बाजूला झालो. त्यांनी एलियासला दोर बांधून वर काढलं. त्याचा चेहरा निळसर पडला होता, त्याच्या पेरांवरच्या डागांसारखा. दुपारी इस्पितळातून फोन आला. तो गेला होता.

पुन्हा तुआस

घरी आल्यावर अंजू माझ्या पायांवर कोसळली. "बाबा, तुम्ही नसतात तर..." शेजारच्या मराठी कुटुंबातले लोक आले, त्यांनीही माझे हात धरले. दुसऱ्या दिवशी यार्डातले दोन तमिळ कामगार एक पेटीभर आंबे घेऊन आले. "अंकल, यू सेव्ह अवर बॉस," एकजण म्हणाला. मी आंबे घेतले. नाही म्हणता येईना.

सतीशराव मात्र माझ्याशी बोलत नव्हते. रागावलेले नव्हते. माझ्याआधी ताटावर बसत नव्हते, मी खोलीत आलो की उठत होते, सगळं पूर्वीसारखंच. फक्त बोलत नव्हते. माझ्या दंडावर त्यांच्या बोटांचे काळेनिळे वळ उठले होते, ते दिसू नयेत म्हणून मी घरात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागलो. मला वाटे, त्यांनी मला माफ केलं नाही. मी अडवलं नसतं तर एलियास वाचला असता, असं त्यांना वाटत असेल.

आणि मला तर त्याहून वाईट ठाऊक होतं. जो तो मला शाबासकी देत होता ती अकरा मिनिटांची. त्याच्याआधीच्या एका मिनिटाचं कुणालाच माहीत नव्हतं. डोळे मिटले की भुवई वर केलेला एलियास दिसे. त्यानं मला विचारलं होतं. सबंध जहाजावर ज्याला कळत होतं अशा एका माणसाला त्यानं विचारलं होतं, आणि त्या माणसानं मान हलवली होती.

चौथ्या दिवशी सकाळी अंजू रेवाला शाळेत सोडायला गेली. दुसऱ्या दिवशी माझं विमान होतं. सतीशराव चहा करत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि विचार न करता बोलून टाकलं, नाहीतर बोललोच नसतो.

"सतीशराव, त्या माणसानं नळी खाली सोडली नाही. मी पाहिलं होतं. नुसतं तोंडाशी यंत्र धरलं त्यानं. मला तेव्हाच कळलं होतं की हे चूक आहे. तरी मी गप्प बसलो. तुमच्या माणसांसमोर तुमचं काम थांबवलं तर तुम्हाला कमीपणा येईल म्हणून. एलियासनं विचारलं तेव्हाही मी मान हलवली. त्याला मी मारलं."

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, पण पाठ माझ्याकडंच ठेवली.

"मीही पाहिलं होतं, बाबा."

"काय?"

"नळी बगलेत होती. कागद हातात घेतला तेव्हाच मला ते दिसलं होतं. एलियासला 'गुड' म्हणून गेलो, तरी त्या माणसाला परत बोलावणार होतो. तेवढ्यात एलियासनं तुम्हाला विचारलं आणि तुम्ही होकार दिलात." ते वळले. डोळे लाल झालेले. "तुमचा जन्म खदानीत गेला. तुम्ही बरं म्हणालात, आणि त्यावर मी पुन्हा तपासा म्हणायचं? म्हणजे तुमच्या शब्दाला किंमत नाही, असं सगळ्यांदेखत... मला ते जमलं नाही, बाबा."

मी भिंतीला टेकून खालीच बसलो. ते समोर जमिनीवर बसले. एलियास आमच्या दोघांच्या मधून खाली गेला होता. तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडं पाहात होतो आणि ते माझ्या. दोघांना दिसत होतं आणि दोघांनीही ते एकमेकांवर सोपवून दिलं. मी खूप रडलो. तेही रडले. नऊ वर्षांत आम्ही दोघांनी एकमेकांना इतकं जपलं होतं, की त्यात तिसऱ्याचा जीव गेला.

"यार्डाच्या चौकशीत काय सांगितलंत तुम्ही?" मी थोड्या वेळानं विचारलं.

"कागदावर सही होती, हवा बरोबर आहे असं लिहिलं होतं. एवढंच."

"आणि खरं सांगितलंत तर?"

"नोकरी जाऊ शकते. नोकरी गेली की इथं राहायचा पास जातो. पास गेला की महिन्याभरात घर रिकामं करायचं." त्यांनी नाक पुसलं. "तरी सांगायला जायचं म्हणतोय. तीन दिवस तेच ठरवत होतो. तुम्हाला कसं सांगायचं ते ठरत नव्हतं."

मी उठलो आणि शर्ट बदलला. माझं तिकीट पुढं ढकलायचा फोन त्यांनीच केला. अंजूला चिठ्ठी लिहून ठेवली. बसनं, मग एमआरटीनं आणि पुन्हा बसनं आम्ही तुआसला गेलो. वाटेत एक अक्षरही बोललो नाही, पण ते पूर्वीसारखं गप्प बसणं नव्हतं. एका बाकावर शेजारी शेजारी बसलो होतो.

चौकशी करणाऱ्या अधिकारी एक चिनी बाई होत्या, पन्नाशीच्या, केस आखूड कापलेले. आधी त्यांनी सतीशरावांचं सगळं लिहून घेतलं. बाईंचा चेहरा एकदाही बदलला नाही. मग माझी पाळी आली. मी माझ्या खदानीतल्या इंग्रजीत सांगितलं. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवून विचारलं, "अंकल, यू मायनिंग मॅन. यू नो. व्हाय यू नॉड?"

मी समजावण्याचा प्रयत्न केला. जावई म्हणजे काय, त्याच्या घरी सासऱ्यानं कसं वागायचं, बायकोला दिलेली शपथ, त्याच्या माणसांदेखत बोललं तर काय होतं. अर्धा तास तरी मी बोलत असेन. बाई शांतपणे ऐकत होत्या. मध्येच एकदा म्हणाल्या, "माय हजबंड ऑल्सो लाइक दॅट, विथ माय फादर." मग त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि कागद माझ्याकडं वळवला.

त्यांनी लिहिलं होतं की साक्षीदाराला चूक दिसली होती, पण जावयाबद्दलच्या आदरापोटी त्यानं सांगितली नाही.

मी ते दोनदा वाचलं. इंग्रजीत ते फार चांगलं दिसत होतं. माझ्या शेजारी सतीशराव बसले होते, त्यांनीही वाचलं असावं. बाईंनी पेन पुढं केलं.

"मॅडम," मी म्हटलं, "आदर खोडा."

"देन पुट व्हॉट?"

"काही नको. त्याला दिसलं आणि तो बोलला नाही, एवढंच राहू द्या."

बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग सतीशरावांकडं. पट्टी ठेवून त्यांनी ते शब्द खोडले, कडेला आपली आद्याक्षरं घातली आणि कागद परत माझ्यापुढं सरकवला. मी सही केली.